गोगलगायी आधी गेल्या

माझा धंदा रक्त तपासायचा. वाशीमच्या एका लॅबमध्ये वीसेक वर्षं मी लोकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधत आले आहे. या कामात सुई टोचण्याआधी विचारावं लागतं. काय खाल्लं, कधी खाल्लं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. आम्ही याला हिस्ट्री म्हणतो, आणि माणसं हिस्ट्रीत बिनदिक्कत खोटं बोलतात. ‘उपाशीपोटी आलो’ म्हणणाऱ्याच्या मिशीला चहाची साय लागलेली असते. मी रागावत नाही, उद्या या म्हणून परत पाठवते. खोटं आपल्याला चेहऱ्यावरून कळतं अशी माझी पक्की समजूत होती आणि तिच्या जोरावर मी घरातही बराच रुबाब करायचे.

आमच्या बैठकीत तीन फुटांची काचेची टाकी होती. ती लेकीची. आठवीत असताना तिनं दोन दिवस रुसून ती आणवली होती. त्यात सात गोल्डफिश होते. सहा पुढे बदलत गेले, पण एक पहिल्यापासूनचा टिकून होता. शेपटी अर्धी फाटलेली, पाठीवर जरा पोक आलेलं. त्याला आम्ही म्हातारा म्हणायचो. लेक काचेला बोट लावायची आणि तो बोटामागे फिरायचा. माझ्या बोटामागे तो कधी आला नाही.

लेक पुढच्या शिक्षणासाठी नागपूरला गेली तेव्हा दोन गोष्टी ठरल्या. दोन्ही त्या टाकीसमोर, जेवताना. मासे मी सांभाळायचे, विशेषतः म्हाताऱ्याला काही होऊ द्यायचं नाही, हे एक. आणि शिक्षण पुरं होऊन ती स्वतः म्हणेपर्यंत तिच्या लग्नाचा विषय घरात काढायचा नाही, हे दुसरं. दुसरी अट बापासाठी होती. माझा नवरा शाळेत गणित शिकवतो, शब्दाचा पक्का म्हणून गल्लीत मान आहे. त्यानं भाकरीचा तुकडा मोडता मोडता मान डोलावली. “कबूल. तू म्हणशील तवा. तोवर मी तोंड उघडत नाही,” तो म्हणाला. लेकीनं त्याला टाळी दिली.

दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “आई, म्हातारा कसा आहे?”

त्या उन्हाळ्यात आधी गोगलगायी गेल्या. टाकीत बारीक बारीक गोगलगायी होत्या, कुठल्या तरी पाणवनस्पतीबरोबर आलेल्या, आणि त्यांनी मला जेरीस आणलं होतं. काचेवर, फिल्टरवर, जिथं पाहावं तिथं. मार्चमध्ये एक दिवस पाहते तर खाली नुसते रिकामे शंख पडलेले. मला आनंद झाला. बरं झालं, ब्याद गेली म्हणाले, आणि चहाच्या गाळणीनं ते शंख काढून टाकले. माझं माहेर शेतकऱ्याचं. सोयाबीनवर गोगलगायी चढल्या की बाबा बांधावर चुना आणि मोरचुदाचा पट्टा ओढायचे, हे मी फ्रॉक घालायचे तेव्हापासून पाहिलेलं. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार, आणि गोगलगायींना तांबं सोसत नाही, हे तर मी शिकलेलं. तरी त्या दिवशी ते मला आठवलं नाही.

मग मासे बिघडले. आधी त्यांनी खाणं टाकलं. पर अंगाला चिकटवून एका कोपऱ्यात उभे राहायचे. मधूनच एखादा काय झालं कोण जाणे, तळाच्या खड्यांवर अंग घासून तीरासारखा पळायचा आणि पुन्हा थिजायचा. कल्ले भराभर उघडझाप करायचे. अंगावर शेंबडासारखा पातळ पांढरा थर आला. ठिपके नाहीत, जखम नाही, सूज नाही. पहिला मासा गेला तेव्हा मी वाईट वाटून घेतलं. दुसरा गेला तेव्हा मी वही काढली.

वहीत मी रोज लिहायचे. कोण खातो, कोण खात नाही, मिनिटाला कल्ले किती वेळा हलतात, पाणी किती गरम. पाणी तपासायच्या बाटल्या मागवल्या. अमोनिया नाही, नायट्राइट नाही, आम्लता जागच्या जागी. मेलेल्या माशाच्या अंगावरचा चिकट थर काचपट्टीवर घेऊन लॅबमध्ये नेला आणि दुपारी सामसूम झाल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जंत नाहीत, बुरशी नाही. नुसता चिकटा आणि त्यात सुटलेल्या पेशी. माशाच्या अंगाला काहीतरी झोंबत होतं आणि ते काहीतरी मला दिसत नव्हतं. हाताखालच्या मुली मला हसत होत्या. “मॅडम, पेशंटचं नाव काय लिहू?” एकीनं विचारलं. मी म्हटलं, लिही, म्हातारा, वय आठ.

मासे विकणाऱ्या दुकानदाराला विचारलं. त्यानं खडे मीठ आणि निळं औषध दिलं. बैठकीत निळी शाई भरून ठेवल्यासारखी टाकी दिसायची आणि मासे तसेच. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ आठवड्यातून एकदा, तेही उपकार केल्यासारखे. ड्रममधल्या साठवलेल्या पाण्यावर माझा संशय गेला. म्हणून मी प्यायच्या फिल्टरचं शुद्ध पाणी टाकीत घालायला लागले. पाणी जितकं मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, तितकं त्यातलं तांबं जास्त जहरी होतं, हे मला खूप नंतर कळलं. मी जीव तोडून त्यांना मारत होते.

आणि मी विचारलं. सगळ्यांना विचारलं. लेकीला विचारलं, तू टाकीत कधी काय घालायचीस? नवऱ्याला विचारलं, “तुमी काई टाकलं काय याच्यात? उरलेला भात, प्रसाद, काई?”

“मी कायले टाकीन?” तो म्हणाला. वर्तमानपत्राच्या वरून डोळे दिसत होते. अगदी सरळ डोळे.

मी निदान दहा वेळा विचारलं असेल. एकदा तर हात जोडून विचारलं, “चुकून काई पडलं असंल तर सांगा, मी रागावत नाई.” तो म्हणाला, “अगं, तुले सांगणार नाई तर कोणाले सांगू?” मला त्या वाक्यानं बरं वाटलं होतं. आता ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

वहीनं मात्र एक गोष्ट दाखवली. मासे दर शुक्रवारी बिघडायचे. गुरुवारी संध्याकाळपर्यंत बरे असायचे आणि शुक्रवारी सकाळी कोपऱ्यात धापा टाकत असायचे. रविवारी मी पाणी बदललं की जरा सावरायचे, पुन्हा शुक्रवारी तेच. असं सलग चार आठवडे. मी स्वतःवरच खूश झाले. आता फक्त गुरुवारी घरात काय होतं ते शोधायचं.

गुरुवारी दोन गोष्टी व्हायच्या. नवऱ्याचा उपवास असायचा, म्हणून तो मधल्या सुट्टीत फराळाला घरी यायचा. आणि आमच्या मावशी, म्हणजे घरकामाला येणाऱ्या बाई, त्या दिवशी सगळ्या घराला फिनाइलचा पोछा मारायच्या. मावशी आमच्याकडे नऊ वर्षं होत्या. लेकीची वेणी त्यांनी घातलेली. या दोन गोष्टींपैकी मी फक्त फिनाइलच्या बादलीकडे पाहिलं.

मी सुतावरून स्वर्ग गाठला. पोछा पिळलेल्या हातानं मावशी टाकीची काच पुसतात, झाकण उचलतात, फिनाइल पाण्यात जातं. नवऱ्याला मी वही उघडून दाखवली, शुक्रवारांवर लाल गोल केलेले. गणिताचा माणूस, त्यानं ते नीट पाहिलं. पान उलटून पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, “असंल.”

दुसऱ्या दिवशी मावशी आल्यावर मी त्यांना उभं केलं. आवाज चढवला नाही. लॅबमध्ये वाईट रिपोर्ट सांगते तशा थंडपणे सांगितलं की तुमच्या हातून फिनाइल पाण्यात गेलं, चार मासे मेले, लेकीला मी काय तोंड दाखवू, उद्यापासून येऊ नका.  मावशींनी एकदा माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, रदबदली करा म्हणून पाहताहेत. तो चपलांचे बंद लावत होता. ते बंद लावायला त्याला त्या दिवशी फार वेळ लागला. मावशींनी मोरीतला ठिबकणारा नळ घट्ट केला आणि गेल्या.

त्यानंतरच्या गुरुवारी घरात फिनाइलची बाटली उघडलीच गेली नाही. शुक्रवारी सकाळी पाचवा मासा पोट वर करून तरंगत होता. म्हातारा फिल्टरच्या धारेपाशी तोंड वर करून उभा होता, हवा पीत असल्यासारखा.

त्या दिवशी मी रजा टाकली. म्हाताऱ्याला आणि उरलेल्या एकाला टबात काढलं, टाकी रिकामी केली, खडे परातीत उपसायला लागले. मागच्या कोपऱ्यात, फिल्टरची धार पडते त्याच्या बरोबर खाली, खड्यांच्या बुडाशी हाताला कापड लागलं. लाल कापडाची पुरचुंडी. आत कलशात टाकतात तसल्या तांब्याच्या पातळ चकत्या. सात. खालच्या हिरव्या पडलेल्या, वरची एक अजून लखलखीत. कापड मी ओळखलं. लेकीच्या जुन्या ओढणीचा तुकडा होता तो.

मी ती पुरचुंडी ताटलीत ठेवून बैठकीत बसून राहिले. गोगलगायी, बाबांचा मोरचुदाचा पट्टा, शुक्रवार, सगळं एका क्षणात समोर आलं. तरी मी स्वतःला सांगत होते की दुसरं कोणी असेल. घरात दुसरं कोणी नव्हतं.

नवरा शाळेतून आला. त्यानं ताटली पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. पण पहिलं वाक्य काय म्हणावं त्यानं?

“बाहेर काहून काढलं? एकवीस पुरे व्हायचे होते.”

मग हळूहळू सगळं निघालं. शाळेतल्या कोणीतरी त्याला एका जाणकाराचा पत्ता दिला होता. त्यानं उपाय सांगितला होता. दर गुरुवारी एक तांब्याची चकती, मुलीच्या अंगावरच्या कापडात, वाहत्या पाण्यात सोडायची. एकवीस गुरुवार.

“मंग नदीत सोडायचं ना,” मी म्हटलं.

“नदीले पाणी कुठं हाय या दिवसांत? सारी कोरडी पडली. वाहतं पाणी म्हणजे आपल्या घरात हेच,” त्यानं फिल्टरकडे हात केला.

एरवी मी पोट धरून हसले असते. वाशीमच्या नद्या आटल्या म्हणून गणिताच्या मास्तरांनी बैठकीतल्या मोटारीवर गंगा वाहवली. पण मला हसू आलं नाही. मी विचारलं, “उपाय कशासाठी?”

तो चपला काढायला वाकला.

“कशासाठी?”

“पोरीचं जमावं म्हणून.”

तेव्हा मला खरा घाव बसला. मासे क्षणभर विसरले मी. या माणसानं त्याच टाकीसमोर शब्द दिला होता, लेकीनं त्याला टाळी दिली होती. आणि त्याच टाकीत तो आठवड्याला एक याप्रमाणे तो शब्द बुडवत होता. पुढे विचारलं तर कळलं की पत्रिका दोन ठिकाणी देऊन झाली होती. रिसोडकडचं एक स्थळ दिवाळीत मुलगी पाहायला येणार होतं. लेकीला आणि मला सोडून बऱ्याच जणांना ते माहीत होतं.

“मी दहा खेपा इचारलं तुमाले.”

“बोलून दाखवलं की उपाय फळत नाई, असं सांगतलं होतं.”

“आन मावशी? वही पाहून तुमी ‘असंल’ म्हणाले.”

“म्या तिचं नाव घेतलं काय? तूच ठरवून बसली होती.” आणि मग जरा नरमाईनं, “मासे यानं मरतात हे मले कुठं माहीत? आता झालं ते झालं. पोरीले मी सांगतो. तू घाई करू नको, चार दिवस दे मले, योग्य वेळ पाहून सांगतो.”

माझी फसवणूक झाली होती आणि फसवणाऱ्याला वाटत होतं की तो माझ्याशी सौजन्यानं वागतोय. तरी मी चार दिवस दिले. का दिले ते अजून मला नीट सांगता येत नाही. बहुतेक मला पाहायचं होतं की तो खरंच सांगतो का.

दुसऱ्या दिवशी शनिवारी मी मेडशीची एसटी धरली. काम सुटल्यावर मावशी वाशीमची खोली सोडून मेडशीला भावाकडे गेल्या होत्या, हे शेजारणीकडून कळलं होतं. त्या ओसरीत ओलं पोतं पसरून बसल्या होत्या. पोत्यात सोयाबीनचे शंभर दाणे गुंडाळून ठेवतात आणि किती उगवले ते मोजून बियाणं पेरायजोगं आहे का ते ठरवतात. त्या मोजत होत्या. मला पाहून दचकल्या नाहीत.

“बसा ताई. चा मांडू काय?”

मी उभ्यानंच सांगून टाकलं. “मावशी, माझं चुकलं. फिनाइल नव्हतं ते.”

“मले मालूम हाय.”

“काय मालूम हाय?”

“सर टाकत होते. दोन खेपा पायलं म्या. हात कोपरापर्यंत पान्यात.”

मी तिथंच पोत्याशेजारी बसले. “मंग मले सांगतलं काहून नाई?”

“मले वाटलं तुमी दोघं मिळून करून राह्यले. देवाधर्माचं काम, आपुन कायले तोंड घालाव? मंग त्या दिशी तुमी मले फिनाइलचं म्हनलं. मी सराकडं पायलं. सर मान वर करेत ना. तवा मले समजलं, तुमाले ठाऊक नाई.”

“मंग तवा तरी बोलायचं.”

मावशींनी एक मोड आलेला दाणा उचलून बाजूला ठेवला. त्या रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुमी पोरीले इचारलं. दुकानदाराले इचारलं. सराले तर रोजच इचारून राह्यल्या होत्या. मले कोनी इचारलं काय, ताई? मले तुमी नुसतं सांगतलं.”

 परत या, असं मी म्हटलं, दोनदा म्हटलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली, पुन्हा दाण्यांकडे वळल्या आणि म्हणाल्या की बियाणं चांगलं निघालं, नव्वदाच्या वर उगवलं. चहा मात्र त्यांनी पाजलाच.

घरी आले तेव्हा म्हातारा टबाच्या तळाशी आडवा पडला होता. कल्ला मधूनच एकदा हलायचा. स्वच्छ पाणी, हवेची नळी, सगळं लावलं होतं, पण आतून त्याचं जे जळायचं ते जळून गेलं होतं. दिवेलागणीला तो गेला. उरलेला एक मासा मी दुकानदाराला देऊन आले. टाकी धुऊन गॅलरीत पालथी घातली. बैठकीत नुसतं स्टँड राहिलं आणि भिंतीवर टाकीच्या मापाचा फिका चौकोन. हे सगळं नवऱ्यानं पाहिलं. म्हाताऱ्याला कुंडीत पुरायला माती त्यानंच उकरून दिली.

रविवारी सकाळी फोन वाजला. नवरा स्टँडसमोरच्या खुर्चीत बसला होता. चार दिवस पुरे व्हायला अजून दोन दिवस होते, पण मला तेवढा धीर धरवेना. मी फोन उचलला, आवाज मोठा केला आणि त्याच्या हातात दिला. “आज तुमीच बोला. सगळं सांगा,” हळूच म्हटलं. त्यानं फोन घेतला. माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या चौकोनाकडे पाहिलं.

“बाबा? आज तुम्ही? आई कुठे आहे?”

“आहे ना, इथंच हाय.”

“बरं. म्हातारा कसा आहे?”

 त्याला फक्त एक वाक्य म्हणायचं होतं. कोणतंही खरं वाक्य. मी खरंच देवाला म्हणाले की याच्या तोंडून ते निघू दे, पुढचं मी सावरून घेईन.

“म्हातारा?” तो म्हणाला, आणि आवाज किती सहज, किती मायाळू होता. “मजेत हाय. आत्ताच दाणे खाल्ले त्यानं.”

त्याचे डोळे तसेच सरळ होते. वर्तमानपत्रावरून दिसायचे तसेच. वीस वर्षं मला लोकांचं खोटं कळत होतं आणि हे कधीच कळलं नव्हतं.

मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. “बाळा, बाजूला जाऊन बस, वेळ लागंल,” म्हटलं, आणि गोगलगायींपासून सुरुवात केली.